धृपदाआधीचा थांबा

"बंद कर ते!" दीपानं धापा टाकत माइक खाली ठेवला. "काहून पळवून राह्यली वो ताई आमाले?"

उर्वशीनं लॅपटॉपवरचं गाणं थांबवलं. घाटंजीच्या विहारात तालीम चालली होती. उद्या बाबासाहेबांची जयंती. मुकुटबन, राजूर आणि घाटंजी, तिन्ही गावच्या गायन पार्ट्या पहिल्यांदाच एकत्र गाणार होत्या, आणि हे तिसरं गाणंही धृपदापाशी येऊन आपटलं होतं. लय मुळीच वाढलेली नव्हती. तरी मुकुटबनच्या दीपासारखी दमदार गळ्याची पोरगी घामाघूम झाली होती.

कापसानं दगा द्यायला लागल्यापासून या पार्ट्यांतली वाजवणारी मंडळी एकेक करून पुण्या-नागपूरला कामाला गेली होती. गाणारे तेवढे मागे उरले. मग राजूरच्या संघर्षनं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शोधून काढलं. पडद्यावर छोटे छोटे चौकोन रेषांनी जोडायचे, की त्यातून ढोलकी, टाळ, पेटी, म्हणाल ते वाजतं. अशा एका जोडणीला म्हणायचं पॅच. एकानं केलेला पॅच दुसऱ्यानं खुशाल आपल्या गाण्यात बसवायचा. विचारायचंसुद्धा नाही.

बघता बघता पॅचचा ढीग झाला आणि त्यात कोणाला काही सापडेना. 'ढोलकी नवी', 'ढोलकी नवी खरी', 'ढोलकी हीच घ्या' ही सगळी संघर्षचीच लेकरं. शेवटी उर्वशीनं पदर खोचला. फडताळातल्या डब्यांची तोंडंसुद्धा एका रांगेत लावणारी बाई ती! कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून घरी आली की ती याच कामाला बसायची. एकसारख्या पॅचमधला उत्तम तेवढा तिनं ठेवला. प्रत्येकाला त्याच्या कामाचं नाव दिलं, कोणा माणसाचं नाही. कसा वापरायचा तेही आत सोप्या शब्दांत लिहिलं. आता तिन्ही गावांची सगळी गाणी एकाच ढोलकीवर चालत होती. कौतुक करावं तेवढं थोडं, असं काम होतं ते. संघर्षनंही ते कौतुक मोकळ्या मनानं केलं.

परवा शेवटचा हात फिरवताना त्या ढोलकीत तिला एक खोट दिसली. अंतरा संपला की धृपद सुरू होण्याआधी ढोलकी जराशी अडखळायची. डोळ्याचं पातं लवावं, एवढंच. उर्वशीनं तो थांबा काढून टाकला. एका जागी काढला आणि तिन्ही गावांच्या गाण्यांतून तो निघून गेला. सामाईक पॅचचं तेच तर सुख होतं.

"आमी आपली जुनी कॉपी लावून गातो," राजूरचा मारोती म्हणाला. "एकत्रबिकत्र राहू द्या आता."

मुकुटबनवाल्यांनीही माना हलवल्या. उर्वशीला पुढचं दिसू लागलं. आज एकानं वेगळी चूल मांडली की उद्या दुसरा मांडणार. एवढ्या खटपटीनं जमवलेलं सगळं पुन्हा ज्याचं त्याच्याकडे जाणार.

"संघर्ष, ढोलकीतला तो थांबा तुझ्याकडून चुकून राहिला होता ना रे?"

"मी कायले टाकू? आबानं वाजवली तशीच मोजून बसवली मी. ते हरेक खेपेला तिथं थांबत."

आबा म्हणजे उर्वशीचे आजोबा, पंजाबराव. विहाराच्या दाराशी खुर्चीवर बसले होते. लकव्यानं त्यांचा डावा हात गेला आणि ढोलकी सुटली. संघर्षनं ज्यावरून ढोलकी बसवली, ते रेकॉर्डिंग त्याच्या आदल्या वर्षीचं. उर्वशी त्यांच्यापाशी जाऊन बसली.

"आबा, धृपदाच्या आधी तुमी अडखळत होते. हाताची सवय होती का?"

"अडखळत नव्हतो माय, थांबत होतो." पंजाबराव हसले. "तुही आजी गायची ना पार्टीत. जिनिंगातल्या कापसाच्या धुळीनं छाती भरली होती तिची. अंतरा संपला का दम पुरत नव्हता. मंग मी हात थांबवो. तिचा श्वास घेऊन झाला, का थाप."

"आजीनं सांगितलं होतं तसं?"

"छ्या! तिले तं मालूमच नव्हतं. मालूम पडलं असतं तं गाणंच सोडलं असतं तिनं."

रेकॉर्डिंगचा तो दिवस उर्वशीला आठवत होता. माइक तिनंच धरला होता. खोलीत आबा, संघर्ष आणि ती, एवढेच होते. गाणारं कोणीच नव्हतं. आजीला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

डोळे पुसत ती लॅपटॉपपाशी गेली आणि ढोलकीत तो थांबा होता तिथं परत बसवला. त्याच्या चौकोनाला नाव द्यायचं होतं. नाव कामाचं द्यायचं, माणसाचं नाही, हा नियम तिचाच. तिनं आजीचं नाव लिहिलं, 'प्रभावती'. नियम मोडला असं तिला मुळीच वाटलं नाही.

"एकदा पुन्हा म्हणून पाहू," ती म्हणाली. मारोती कुरकुरतच उभा राहिला.

गाणं सुरू झालं. दाराशी पंजाबरावांचा उजवा हात गुडघ्यावर ताल धरू लागला. अंतरा संपला आणि तो हात वरच्या वर थांबला. प्रभावतीला कधी पाहिलंही नसलेल्या दीपानं छाती भरून श्वास घेतला.

मग थाप पडली.