उज्ज्वलाची गादी

"नाल्यापलीकडून उचलून आणली हाये, भाभी," म्हणत बिजलीबाईनं गाठोडं सोडलं.

हजराबीनं पुढे केलेला हात मागे घेतला. दारव्ह्याच्या बाजारात नवऱ्याच्या पिंजायच्या मशीनशेजारी बसून गाद्यांना डोरे, म्हणजे जाड दोऱ्याचे टाके, घालण्यात तिची तीस वर्षं गेली होती. कोणती गादी लोक गावाबाहेर टाकतात, हे तिला सांगावं लागत नव्हतं. बिजलीबाईचा नवरा लखीराम दिवाळीच्या आधी काविळीनं गेला. त्याच दिवशी तांड्यानं त्याची गादी नाल्यापलीकडे नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी बिजलीबाईनं ती उचलली आणि चार महिने शेतातल्या खोपीत लपवली.

"रविवारी माह्या उज्ज्वलाचं लगन. गादी द्यायचं कबूल केलं हाये. ह्याच कापसाची नवी करून दे. कोणाले कळलं नाही पाहिजे."

"काहून वं? तुमच्या वावरात कापूस पिकते ना?"

"यंदा बोंडात अळीच निघाली. घरात राहिला तो किडका, पिवळा. त्याच्यावर निजली तर पोरगी रातभर अंग खाजवत बसते." बिजलीबाईनं जुन्या गादीवर हात ठेवला. "हा कापूस चांगला हाये. माह्या लग्नातला. तुह्या सासऱ्यानंच पिंजला होता."

"मंग घड्याळ दे, डबे दे. लोकं तेच देतात. माह्या तमन्नाले लग्नात सात घड्याळं आली. घराले भिंती चारच."

बिजलीबाई हसली नाही. "तिच्या सासरची भुई ओल धरते. पोरीचे सांधे लहानपणापासून धरतात. माह्याजवळ देण्यासारखं हे एवढंच हाये, भाभी. तिले भुईपासून वर ठेवाचं हाये मले."

हजराबीचा नवरा नजीर इतका वेळ मशीनचा पट्टा चढवत होता. तो न वळता म्हणाला, "हजरा, आपण जुन्याले नवं म्हणून कधी दिलं नाही."

"नवं म्हणून देऊन कुठं राह्यलो? घेणारीले माहीत हाये ना, जुना हाये म्हणून."

 नजीरनं खोळ उसवली आणि कापूस मशीनमध्ये घातला.

दुपारपर्यंत दबून बसलेले गोळे फुलून पांढरे ढीग झाले. लाल फुलांच्या नव्या खोळीत ते भरले गेले. हजराबीनं काठीनं गादी सारखी केली आणि डोरे घालायला घेतले. अर्धी गादी झाली असेल, तेवढ्यात बिजलीबाई झटकन उठली.

"ईहीनबाई येऊन राह्यली. तिच्या तोंडावर मले खोटं बोलवत नाही." आणि ती मशीनमागे जाऊन बसली.

उज्ज्वलाची होणारी सासू रुपीबाई बाजाराची पिशवी घेऊन समोर उभी राहिली.

"हेच काय माह्या सुनेची गादी?"

"हेच."

रुपीबाईनं गादीवर कोपर दाबून पाहिलं. "कापूस नवा हाये ना? नाल्यापलीकडची गादी कोणी उचलली म्हणून तांड्यात लोकं कायबाय बोलून राह्यले. तसं काही असंल तर आत्ताच सांग. लगन मोडलं तरी चालते, पण असली गादी माह्या घरात नाही पाहिजे. तुह्या पोरीची आण घे."

नजीरनं रिकामी मशीन चालू केली. त्या घरघरीत हजराबीला ओरडून सांगावं लागलं.

"नवा हाये! तमन्नाची कसम!"

रुपीबाईचा चेहरा सैल पडला. ती तिथंच टेकली.

"लय बरं झालं बापा. आमचा म्हातारा दोन महिन्यांपासून भुईवर पडून हाये. पाठीले जखमा पडल्या. कोणाच्या जुन्या गादीवर त्याले निजवाले जीव भेत होता. आता पहिले त्यालेच देतो. पोरगी तरणी हाये, कुठंबी निजते."

ती उठली आणि समोरच्या बांगड्यांच्या दुकानाकडे गेली.

नजीरनं मशीन बंद केली. बिजलीबाई बाहेर आली. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू बसले होते. तिनं ते झटकले नाहीत.

"सांगून येऊ काय तिले?" हजराबी हळूच म्हणाली. "अजून दुकानातच हाये ते."

बिजलीबाई दुकानाकडे बघत राहिली. रुपीबाई हिरव्या बांगड्या उन्हात धरून पारखत होती. दुकानदारानं तिच्यापुढे नवरीच्या मापाचा आणखी एक जोड ठेवला.

हजराबीच्या हातातली सुई थांबली होती.

बिजलीबाई खाली बसली आणि गादीचं मोकळं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"डोरे जवळजवळ घाल, भाभी," ती म्हणाली. "दुखणाईत माणूस. सारखा कुशी बदलते."