डावीकडं की उजवीकडं

पक्षाघातानं पिराजींची वाचा आणि उजवं अंग गेलं, त्याला सात महिने झाले होते. समजही गेली, असं घरच्यांनी धरलं होतं. पिराजीही नुसते छताकडं बघत पडून असत. २००८च्या उन्हाळी सुट्टीत त्यांची सून स्नेहल, विज्ञानाची शिक्षिका, दुपारी कसबा बावड्यातल्या घरी त्यांच्या खाटेजवळ कॉम्प्युटर लावून बसायची. मोठ्या दुर्बिणीनं टिपलेल्या सर्पिल दीर्घिकांचे, म्हणजे भोवऱ्यासारख्या आकाशगंगांचे, फाटे कुठल्या दिशेनं वळलेत, ते बघून परदेशातल्या शास्त्रज्ञांना कळवायचं, हा तिचा छंद. "ही उजवीकडं," एकदा ती स्वतःशीच पुटपुटली. तेवढ्यात पिराजींचा डावा हात खाटेच्या लोखंडी कडेवर आपटला. मग त्यांचं एक बोट हवेत उलटं फिरलं. "डावीकडं म्हणताय, मामा?" बोट पुन्हा तसंच फिरलं. तिनं चित्र मोठं करून पाहिलं. त्यांचंच बरोबर होतं. पुढच्या दीर्घिकेची दिशा तिनं मुद्दाम चुकीची सांगितली. पिराजींनी तीही दुरुस्त केली. "तुमाला सगळं कळतंय व्हय?" त्यांनी हो म्हणून मान हलवली. "पैल्यापास्नं?" मान पुन्हा हलली. सात महिने याच खाटेशेजारी जेवताना ती आणि तिचा नवरा, मामांना वृद्धाश्रमात ठेवायचं का, यावर मोठ्यानं बोलत आले होते. त्यांना तिथं पोचवायला येता सोमवार ठरलाही होता. स्नेहलनं कॉम्प्युटर बंद केला आणि नवऱ्याला फोन लावला. "सोमवारचं रद्द करा," ती म्हणाली. "का? काय झालं?" "अजून त्यास्नी इचारलंय कुठं आपण?"