रोजावरचा शोध

"गुत्तं नको, आप्पा. रोजावर लिवा," अजिनाथ म्हणाला, तसं नागप्पानं पेनाला टोपण लावलं.

बिंदुसरेच्या धरणावर, नागप्पाच्या पोरीच्या, रुद्राणीच्या चपला सापडल्या तिथून हाकेच्या अंतरावर दोघं उकिडवे बसले होते. मध्ये दगडाखाली स्टँपपेपर फडफडत होता. नेकनूरचा कापडवाला नागप्पा लेखी केल्याशिवाय पाहुण्याला पाणीसुद्धा देत नाही, असं लोक म्हणत.

"सापडली की एकरकमी देतो. ह्यात वाईट काय हाय?"

"आन् न्हाई सापडली तर?"

"तर पैसे कशाचे?"

"बुडी मारल्याचे. सापडो न सापडो, रोज तो रोज. पटलं तर सही करा, न्हाईतर राम राम."

धरणाकाठच्या पाली गावातली माणसं तर सांगत होती, अजिनाथच्या घराण्यात मढं काढल्याचा पैसा आजवर कुणी शिवला नाही. विहिरीत पडलेल्या मोटारी काढायचे तेवढे घेतात. फुकटच्या कामाला धनी नसतो, म्हणून बळंच पैसे घ्यायला लावायचे या तयारीनं नागप्पा आला होता. आणि हा बाबा उलट दर ठरवत होता! कागद समोर आला की माणसाचं पाणी कळतं, एवढं त्या दुःखातही त्याच्या मनात येऊन गेलं.

त्यानं 'एकरकमी' खोडलं. खोडल्या जागी दोघांच्या सह्या झाल्या. मागे नागप्पाची बायको महानंदा मांडीवर डबा घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. रडून रडून आटली बिचारी, असं बाया म्हणत.

सरकारी बोट एक चक्कर मारून कधीच गेली होती. आता अजिनाथ सकाळी पाण्यात शिरायचा, उन्हं चढली की काठावर येऊन महानंदानं आणलेली भाकरी खायचा, पुन्हा शिरायचा.

"खाली जुन्या बाभळी हायेत, आप्पा. त्यात अडकली आसंल."

नागप्पा पाण्याकडे बघत राही. रुद्राणीला नर्सिंगला जायचं होतं. त्यानं लातूरला तिच्या लग्नाची सुपारी फोडली. "दिला शब्द म्हंजे करार," तो म्हणाला होता. तेव्हा पोरगी एवढंच बोलली, "त्याच्यावर माझी सही कुठंय, पप्पा?" तो हसला होता. आता अजिनाथचं डोकं पाण्याबाहेर आलं की दरवेळी तेच वाक्य वर यायचं.

शेवटी त्याचा धीर सुटला. "कावून लांबवायलास बे? रोज चालू हाय म्हणून?"

"पाणी लई हाय, आप्पा. घाई हुती तर कागदात लिवायची."

त्याच आठवड्यात लातूरकरांचा फोन आला. झालं ते वाईट झालं म्हणाले. पोरासाठी दुसरीकडे बघतो म्हणाले. नागप्पानं फोन ठेवला आणि महानंदाला ते सांगितलं. ती डबा घेऊन धरणाकडे निघाली.

त्या संध्याकाळी अजिनाथ आपणहून म्हणाला, "आप्पा, बास करू."

"मग तसं लिहून दे."

ओल्या बोटांनी अजिनाथनं कागदाखाली लिहिलं: 'सगळं पाणी बघितलं. पाण्यात कोणी नाही.' खाली सही केली.

नागप्पानं ते वाचलं आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा कागदावर पाणी सांडू दिलं. हिशेब चुकता केला, पोरीच्या चपला काखेत मारल्या आणि मागं न बघता गाडीकडे चालू लागला.

महानंदा रिकामा डबा घ्यायला वाकली. अजिनाथनं नोटांची गड्डी, न मोजताच, डब्यात ठेवली आणि झाकण दाबलं.

"मढ्याचा पैसा आमच्यात कुणी घेत न्हाई, आक्का," तो हळू म्हणाला, "पर ह्यो जितीचा हाय. रुद्राणीच्या फीला धाडा."