पाद्रीबाबांचं अंगण

बायांनो, जवळ सरका, लोसाची गोष्ट सांगते. डेंग्यूने सात वर्षांची ती पोर गेली, तेव्हा तिची आजी सिनिवा, सामोआतल्या आमच्या गावच्या महिला मंडळाची प्रमुख, कोयता घेऊन पाद्रीबाबांच्या अंगणात शिरली. तिथल्या शोभेच्या झाडांच्या पानांत पाणी साचून डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

“घरोघरी करवंट्या उपड्या करायला लावते मी, आणि तुम्ही देवाच्या दारात मरण पाळलंत?”

“मंडळ अंगणं तपासायला यायचं, तेव्हा दर पाहणीला तुला आत हाक मारली, बाई. तूच म्हणायचीस, पाद्रीच्या अंगणात खोट शोधणं पाप. मलाही तो मान गोड लागला.”

सिनिवाने एकेक झाड तोडलं. आम्ही मंडळाच्या बाया तेव्हाही फाटकाबाहेरच उभ्या होतो.

प्रार्थनेत लोसाचं नाव घ्या.