वाढीव कॅसेट

"ते नाव कापून टाक," शाहीर भीमराज म्हणाले. "न्हाईतर कॅसेट काढूच नको."

पंकजने कपाळाला हात लावला. बिचारा नगरहून पहिल्या एसटीने नेवाशाला आणि तिथून जीपच्या मागे लटकत इथवर आला होता. त्याच्या कंपनीला शाहिरांची जुनी कॅसेट नव्याने काढायची होती. गावोगावचे लोक तिला 'हिरीची कॅसेट' म्हणत. वाजवून वाजवून फिती झिजल्या, तरी मागणी होतीच. आता नव्वद मिनिटांची वाढीव कॅसेट निघणार होती. जुनी गाणी सगळी, आणि वर राहुरीच्या जलशात कुणीतरी टेपवर घेतलेली. जुन्या कॅसेटमध्ये विहिरीच्या गाण्यात 'गावचा पाटील' एवढंच होतं, कंपनी तेव्हा घाबरली होती. जलशात मात्र शाहिरांनी थेट नावच घेतलं होतं.

पंकजने टेपचं बटण दाबलं. हलगी कडाडली आणि तरुण भीमराजांचा आवाज खोलीत घुसला.

*भीमाची लेक गेली पान्याला,*
*सहादेव पाटील आडवा आला!*

शाहिरांनी झडप घालून टेप बंद केला आणि दाराकडे बघितलं. कारण सहादेव पाटील बाहेर ओट्यावरच खोकत बसले होते. रोज सकाळी येऊन बसत आणि चहा पिऊनच उठत. बहात्तरच्या दुष्काळात ज्याने विहिरीवर आमच्या घागरी फोडल्या, तो आज माझ्या घरचा चहा फुंकून फुंकून पितो, असं शाहीर भाषणात सांगत आणि टाळ्या घेत. खोटं नव्हतं ते. दोन म्हाताऱ्यांचं खरोखरच जमलं होतं.

"त्या वक्ताला राग हुता, गायलो," शाहीर आवाज खाली आणून म्हणाले. "राग काय लोनचं हाय व्हय, बरनीत घालून ठिवायला?"

"शाहीर, लोकांना तोच राग पाहिजे. नाव गेलं तर मग नवीन काय उरलं?"

"अरे, नातवंडं हायत त्याला. उद्या ष्ट्यांडावर वाजंल, पोरं ऐकतील. थकलेला मानूस हाय. मी माफ केलंय त्याला."

आत चुलीपाशी शाहिरांची बायको, सुमनबाई, चहा गाळत होती. पातेलं उजव्या हातात, आणि डाव्या हाताने कशीबशी गाळणी धरलेली. घागरी फुटल्या त्या दिवशी विहिरीवर मोडलेला तो हात पुढे कधी सरळ झालाच नाही. तिने पातेलं खाली ठेवलं.

"तुमी माफ केलं?"

"अगं, मंजी..."

"हात माझा मोडला. रागावला तुमी. टाळ्या बी तुमालाच. आता माफ करून तुमीच मोकळं! अन् त्याला रोज चहा कोन करून देतंय?"

शाहीर वरमले.

"तुला अजून राग हाय? कधी बोलली न्हाईस ती."

"इचारलं कवा?"

बाहेर पाटलांचा खोकला थांबला. उघड्या दारातून त्यांचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत.

"मग ठेवू ना नाव, काकू?" पंकजने संधी साधली.

"ऱ्हाऊ दे. मारलं त्यानं, तर नाव ऱ्हाऊ दे त्याचं. उद्या बी येऊ दे चहाला, मी न्हाई म्हनत न्हाई." सुमनबाई पदराला हात पुसत पुढे आली. "पन ह्या गान्यात मी कुठं हाय?"

"तू? तूच की! भीमाची लेक."

"त्या तर आमी वस्तीतल्या समद्याच हाय. त्या दिशी घागर घिऊन कोन गेल्ती? त्याचं नाव ठिवायचं का कापायचं म्हनून सकाळधरनं भांडताय दोघं. माझं कापायला तरी हुतं का कुठं?"

शाहिरांनी बायकोचं नाव उभ्या जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. पुढचा सगळा संसार 'अगं' आणि 'ऐकलं का'वर भागला होता. गाणं रचतानाही ते नाव तोंडावर आलं नव्हतं. आपण काही विसरलो, असंही कधी वाटलं नव्हतं. आता मात्र लाज वाटली, चांगलीच वाटली.

"कोरी कॅसेट हाय का रं?" त्यांनी विचारलं.

पंकजने घाईघाईने पिशवीतून काढून ती टेपमध्ये घातली. रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली. शाहिरांनी घसा खाकरला, मांडीवर ठेका धरला. आवाज आता पहिल्यासारखा उरला नव्हता, पण चाल पक्की होती.

*सुमन माझी गेली पान्याला...*

किती वर्षांचं राहिलेलं काम झालं, असं वाटून त्यांनी कौतुकाने बायकोकडे बघितलं. सुमनबाई नकारार्थी मान हलवत होती.

"'माझी' काढा."

"अगं, मग ओळ लंगडी पडती. नुस्तं सुमन चालीत बसत न्हाई."

"पडू द्या लंगडी," सुमनबाई म्हणाली. "म्हना."