बर्फाचा कप्पा

आठ दिवस सुया टोचूनही सोनोग्राफीत एकही स्त्रीबीज वाढलेलं दिसलं नाही. उपचारांची ही शेवटची खेप होती. “औषध गोठलं तर नव्हतं ना? गोठलं की वाया जातं,” डॉक्टरांनी विचारलं. “छे, फ्रिजच्या दारातच होतं,” ती म्हणाली. घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्या हातात पाणी दिलं. नऊ वर्षं टोमणे मारणारा तो आवाज आज मऊ होता. “या खेपेला मीही हातभार लावलाय हो. तू कामावर गेलीस की इंजेक्शनं वर बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे, संध्याकाळी परत खाली. म्हटलं, जितकी थंड तितका गुण. आला ना?” ओठांवर आलेलं तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. “नाही, आई. दोष माझ्यातच आहे.” “मी म्हणतच होते,” सासूबाई हळूच म्हणाल्या, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.