कोपरावरची धार
रोहिणखेडात कुणी बाई वारली की गुसल द्यायला, म्हणजे मय्यतीला शेवटची आंघोळ घालायला, यास्मीनच्या अम्मीलाच बोलावणं यायचं. तेव्हा लहानगी यास्मीन लोटा भरून द्यायची. पण लग्नानंतर खामगावात ती सगळं विसरून बसली. आज गुसलच्या फळीवर अम्मीचीच मय्यत होती. बाहेर माणसं जनाजा उचलायला खोळंबलेली. "आधी काय करू, खाला?" तिनं पडदा धरून उभ्या असलेल्या मावशीला चाचरत विचारलं. "मले काय माहीत, पोरी? आम्ही तं सदा पडदाच धरला. धुवाचं तुह्या अम्मीलेच ठाव." काही चुकलं तर अम्मी तशीच, नीट गुसल न होता जाईल, अशी यास्मीनला धास्ती वाटली. कसाबसा लोटा भरून तिनं पहिली धार नकळत, अम्मी सोडायची तशी, स्वतःच्याच कोपरावर सोडली. पाणी कढत होतं. "थंडं मिसळा, चटका बसन बिचारीले," अम्मीचंच नेहमीचं वाक्य तिच्या तोंडून निघालं आणि हात आपसूक अम्मीच्या उजव्या मनगटाकडं गेला; अम्मी गुसल तिथूनच सुरू करायची.